कोठीवाले

"कोठीवाले, माझी स्क्रीन परत थिजली हो. जिना अर्धाच दिसतोय."

"तुमच्या शेजारच्यांनी मेमरी अडवलीय. जागेवर आहेत का ते?"

"चहाला गेलेत."

"मग येऊ द्या. न विचारता काढून घेतली आणि त्यांचं काम उघडं असेल, तर सकाळपासूनचं सगळं पाण्यात."

फोन ठेवून कोठीवाल्यांनी घड्याळ पाहिलं. अडीच वाजले होते. तीनची बस गाठायची होती. तासाभराच्या अंतरावर राहणारी ताई आज पाच वाजता घर सोडणार होती; मुलाकडे, परदेशी, कायमची. आई गेल्यावर ताईनंच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. "धाकट्या, आज तरी ये रे," सकाळी ती फोनवर म्हणाली होती. "नंतर कुठली भेट?"

त्यांची खोली तळघरात. वर घरांचे नकाशे काढणारे बावीस जण बसत, पण त्यांच्या टेबलांवर नुसत्या स्क्रीन. खरी बावीस यंत्रं इथल्या एका मोठ्या यंत्राच्या पोटात पाहुण्यांसारखी राहत. चित्र दाखवणारं ग्राफिक्स कार्ड सगळ्यांत मिळून एक, त्याची मेमरी मोजकी. मोठा नकाशा उघडला की पाहुणा जास्तीची मेमरी घेई आणि काम संपलं तरी सोडायचं नाव नाही. ती एकेकाला विचारून सोडवायची नि दुसऱ्याला द्यायची, हे यांचं काम. म्हणून ते कोठीवाले.

पुन्हा फोन. मग आणखी दोन. तीनची बस गेली. आता तीन चाळीसची.

सव्वातीनला नकाशे विभागाच्या बाई खाली आल्या. "आज जायचं म्हणत होतात ना? पण तुमच्यामागे हे कोण बघणार? मला तर ओ की ठो कळत नाही."

अकरा वर्षं हेच वाक्य ऐकून त्यांना बरं वाटायचं. आज ते ऐकवेना.

"बसा," ते म्हणाले. यंत्राच्या सेटिंगचं एक पान उघडलं, एका चौकटीत खूण केली. वरच्या बावीस जणांना काम जपून ठेवायला सांगून यंत्र बंद करून चालू केलं. त्यातच अर्धा तास गेला.

"आता?" बाईंनी विचारलं.

"आता काही नाही. रिकामी पडलेली मेमरी यंत्र स्वतःच परत घेईल."

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"मग अकरा वर्षं तुम्ही..."

"हे यंत्र आलं त्या आठवड्यात तिघांना घरी बसवलं होतं. चौथा मीच, असं वाटलं. भ्यालो हो. ती खूण मीच काढून टाकली."

बाईंनी त्यांची पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली.

ते थांब्यावर पोहोचले तेव्हा बस निघून गेली होती. पुढची साडेचारला. त्यांनी ताईला फोन लावला.

"पाचला गाडी दारात येईल रे. थांबवू का थोडी?"

"नको. विमान चुकेल."

"जेवलास का?"

"हो," ते खोटंच म्हणाले.

साडेचारची बस आली आणि गेली. फोन मांडीवर ठेवून ते बाकावर बसून राहिले. ऑफिसातून कोणी ना कोणी बोलावेल, असं त्यांना वाटत होतं. सहा वाजेपर्यंत तो एकदाही वाजला नाही.