मी पितळ ठरले तेव्हा

मी एक पांढरी अंगठी बोलतेय. थांबा, लगेच 'चांदीची' म्हणून मोकळे होऊ नका! मी सोन्याची आहे, पांढऱ्या सोन्याची. आमच्या भागात पांढरं सोनं म्हटलं की लोकांना कापूस आठवतो, त्याला मी काय करू?

नागपूरच्या एका कारागिराने मला घडवलं. सोन्यात त्याने दुसरा पांढरा धातू मिसळला आणि वरून चकचकीत पांढरा मुलामा चढवला. जंगलखात्यातल्या एका साहेबांच्या बाईंनी मला हौसेने घेतलं. १९५२ साली त्या पोंभुर्ण्याला असताना बाळंतपणात अडल्या. चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात नेण्याइतका वेळ नव्हता. गुणाबाई नावाच्या सुईणीने दिवसभर झगडून बाई आणि बाळ दोघांनाही वाचवलं. बाईंनी मला आपल्या बोटातून काढून तिच्या बोटात घातलं. "सोन्याची आहे, जपा," म्हणाल्या. गुणाबाईने मान हलवली. तिचा विश्वास काही बसला नव्हता, पण जपलं मात्र तिने जिवापाड.

उन्हाळ्यात ती पंधरा दिवस तेंदूपत्ता तोडायला रानात जाई, तेव्हा मी शेजारच्या सलीमाकडे राही. सलीमाचा नवरा बाबूभाई कल्हईवाला. पितळेची भांडी त्याच्या हातून आतून पांढरीशुभ्र होऊन निघत. सलीमा मला चिंधीत गुंडाळून सुपारीच्या डबीत ठेवी आणि रोज एकदा उघडून बघे. चार उन्हाळे मी तिथे माहेरपण भोगलं.

यंदा सलीमाची लेक नूरी पहिल्या बाळंतपणाला आली होती. तिलाही गुणाबाईनेच जगात आणलेलं, त्यामुळे दुसऱ्या सुईणीचं नाव निघालंच नव्हतं.

गुणाबाई रानातून परतली आणि मला घरी घेऊन आली. त्याच आठवड्यात तिची नणंद सुगंधाबाई पाहुणी आली. या बाईला स्वस्थ बसणं ठाऊक नाही. तिने विटेची भुकटी घेऊन मला असं काही घासलं की एका बाजूचा मुलामाच निघाला आणि खालचं पिवळट अंग दिसू लागलं.

"अवो वहिनी, हे त पितळ व्हय! वरून कल्हई मारली हाये. कोणाच्या घरी ठेवली होती?"

झालं! कल्हईवाल्याच्या घरी ठेवलेली पांढरी अंगठी, आणि आत पिवळं. मग काय विचारता! मी आतल्या आत ओरडत होते, पण अंगठीचं ऐकतं कोण?

गुणाबाई तशीच सलीमाच्या दारात गेली. "माही अंगठी कुठी हाये, सलीमा? ही त पितळेची निंगाली."

सलीमा पांढरी पडली. "वीस वर्सं झाली शेजाराले, गुणाबाई. इचारलं असतं त सांगितलं असतं. तू त चोरच ठरवून आली." मग आवाज चढवून म्हणाली, "माह्या नूरीले आता हात लावू नोको."

पण पोंभुर्ण्यात तेव्हा दुसरी सुईण होतीच कुठे? हे दोघींनाही माहीत होतं.

घरी माझी परीक्षा चालूच राहिली. सुगंधाबाईने मला चिंच-मीठ लावलं, दाताखाली धरलं, रात्रभर ताकात बुडवून ठेवलं. मी ना काळी पडले ना हिरवी. "कल्हई पक्की हाये," एवढाच तिचा निकाल!

गुणाबाईला मात्र दोन दिवस घास गोड लागला नाही. शेवटी तिने देवाजी सोनाराला घरी बोलावलं. त्याने काळा कसोटीचा दगड काढला, त्यावर मला घासलं आणि शेजारी पितळेच्या तांब्याचा काठ घासला. मग दोन्ही रेघांवर तेजाबाचा एकेक थेंब सोडला. पितळेची रेघ फसफसली आणि पुसून गेली. माझी होती तशी राहिली.

"पांढरं सोनं व्हय, बाई," देवाजी म्हणाला. "मुलामा गेला का असंच पिवळट दिसते. मी नागपुरात पाह्यलं हाये."

त्या दगडाचे पाय धरावेत असं मला वाटलं. गुणाबाई मात्र हसली नाही. मला बोटात घालून, पदराने डोळे पुसत ती सलीमाकडे निघाली.

"सलीमा, सोनंच व्हय. चूक माही झाली."

"मले मालूम होतं."

"तुले कसं मालूम?"

"अंगठीचं नाई मालूम. माह्या घरातून बदलून गेली नाई, येवढं मालूम होतं."

वयाने मोठी असूनही गुणाबाई तिच्या पायांशी वाकली. सलीमाने तिला वरच्यावर धरलं. तेवढ्यात आतून नूरी कण्हली.

"सकाळपासून कळा देऊन राह्यली पोरगी. उभी काऊन राह्यली? हात धू!"

गुणाबाईने मला बोटातून काढलं आणि सलीमाच्या तळहातावर ठेवलं.

आत्ता मी तिथेच आहे, तिच्या मुठीत. मूठ घामाने भिजली आहे. मी कारागिराची ऋणी आहे, त्या साहेबांच्या बाईंची आहे, देवाजीच्या दगडाची आहे. सुगंधाबाईचीसुद्धा आहे, कारण तिने घासलं नसतं तर माझं सोनं कुणाला कळलं असतं? पण सर्वांत जास्त ऋणी आहे ती या मुठीची. बायांनो, दागिन्याचा संशय आला तर त्याला खुशाल दगडावर घासा. आधी शेजारणीच्या दारात तेवढं जाऊ नका.

दार बंद आहे. आत गुणाबाईचा आवाज येतो आहे, "अजून एक डाव, नूरी, अजून एक डाव." सलीमाने मला इतकं घट्ट आवळलं आहे की मी तिच्या तळव्यात रुतले आहे.

बाळ रडलं, आणि मूठ सैल झाली.