टेपवरची सही

"बाई, आजपासून तुमची कात्री म्यान करा!" फुलांचा एजंट भलताच खुशीत होता. "एक्स-रे मशीन आलं. आता आमच्या खोक्यांना हात लावायचा नाही."

"लावणार नाही. आधी खोकी पट्ट्यावर चढवा, माल गरम होतोय," बाई म्हणाल्या.

विमानतळाच्या मालगोदामात परदेशी जाणारी फुलं, मासळी, भाजी तपासायचं काम बाईंकडे होतं. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी बारा महिने स्वेटर घालून काढली. पाठीमागे त्यांना सगळे फ्रीजबाई म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि नाव चुकीचं आहे असंही वाटत नव्हतं. घरी वाट पाहणारं कुणी नसल्यामुळे घाई अशी त्यांना फक्त दुसऱ्यांच्या मालाची.

कालपर्यंतचा नियम साधा होता. प्रत्येक मालातलं कुठलंही एक खोकं उघडायचं, बघायचं, पुन्हा टेप लावून त्यावर सही करायची. या एजंटच्या फुलांवरची सही बाई जरा ठसठशीत करत. कारण कागदावर माल घेणाऱ्याचं जे नाव असे, ते त्यांच्या धाकट्या भावाचं होतं. त्याचं तिकडे परदेशात फुलांचं दुकान.

आई गेली तेव्हा तो आला नाही. फोनवर रडत म्हणाला, "ताई, सुटताच आलं नाही गं."

"ताई म्हणू नकोस मला," बाई म्हणाल्या होत्या.

रागाच्या भरात माणूस काहीही बोलतं. पण हा पठ्ठ्या अक्षरशः ऐकणारा. त्यानंतर त्याचा फोन आला नाही आणि बाईंचाही हात फोनकडे गेला नाही. त्याच्यापर्यंत जात होती ती एवढी सहीच. फाडून कचऱ्यात टाकायच्या टेपवरची सही कोण वाचतंय, असं म्हणून बाई स्वतःलाच हसत.

"एक बरं झालं," एजंट खोकी चढवता चढवता बोलत होता, "तिकडचा दुकानदार एक नंबरचा चक्रम. तुम्ही उघडलेलं खोकं विकतच नाही, घरी घेऊन जातो. मी म्हटलं, भरपाई देतो. तर म्हणे, नको, ते माझंच आहे. आता सगळी खोकी विकेल बिचारा."

बाईंनी मान वळवली. डोळे भरून आले होते आणि गोदामात ते थंडीवर ढकलता येत होतं, एवढंच बरं.

पट्टा सुरू झाला. पडद्यावर नुसते देठ दिसत होते. मशीनवरचा माणूस प्रत्येक खोक्याला "साफ" म्हणत होता. तपासणाऱ्याला शंका आली तरच आता खोकं उघडायचं होतं. बाईंनी आजवर कुणाचा माल उगीच अडवला नव्हता.

शेवटचं खोकं आलं. "साफ," तो म्हणाला.

"थांबवा. मला शंका आहे."

एजंटचा चेहरा पडला. "कसली शंका, बाई?"

"उघडल्याशिवाय कशी सांगू?"

त्यांनी टेप कापली. आत पांढऱ्या कळ्या होत्या. एकेक जुडी पाहून त्यांनी ओला कागद चारी बाजूंनी नीट खोचला. लहानपणी भावाच्या पायांखाली पांघरूण खोचायच्या तसाच. मग खोकं बंद करून टेप लावली आणि पेन काढलं.

एजंटने वाकून पाहिलं. "अहो, हे काय? 'ताई'? आणि सही राहिली की!"

"तीच सही आहे. आत न्या लवकर, कळ्या उमलतील."

खोकं शीतगृहाच्या दारावरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांआड गेलं. पट्ट्या हलायच्या थांबेपर्यंत बाई हातात कात्री धरून तिथेच उभ्या राहिल्या.