नितळ चित्राचा हव्यास

कुमासी शहरातल्या त्या इस्पितळात सीटी स्कॅनचं चित्र नितळ यावं तर तंत्रज्ञ बोआतेमाच्याच हातून, असं डॉक्टर उघड म्हणत. अठरा वर्षांचं हे कौतुक तिच्या अंगी मुरलं होतं. आणि आता स्कॅनला किती किरण पुरेत याचा देशाचा मापदंड ठरायचा, तर त्यासाठी इथले आकडे जमवायचं काम मिळालं कोणाला? काल आलेल्या झिफाला! तिची चित्रं जरा दाणेदारच येत, तरी विभागप्रमुख अम्पोन्सा तिला समोर बसवून तासन्‌तास चर्चा करत. बोआतेमाला ते बघवत नव्हतं.

म्हणून झिफाने जमवलेले आकडे तपासायला आपल्याकडे आले, तेव्हा ती मनातून खूश झाली. पोरीची एक चूक सापडली तरी बस. डब्यातला मक्याचा केंके तसाच ठेवून ती ओळ न्‌ ओळ वाचत गेली, आणि चूक सापडली. लहान मुलांच्या डोक्याच्या काही स्कॅनमध्ये किरणांची मात्रा बाकीच्या मुलांच्या अडीचपट होती.

ती तडक झिफाकडे गेली. "चार वर्षांच्या पोरीला मोठ्या माणसाएवढे किरण? हे कुठे शिकलीस गं?"

झिफाने मान वर केली नाही. "ताई, त्या पाळ्या तुमच्या आहेत."

बोआतेमाने तारखा लावून पाहिल्या. सगळ्या तिच्याच. चित्र नितळ यावं म्हणून ती मुलांनाही मोठ्यांचीच मात्रा देत आली होती. जादा किरणांनी कोवळ्या जिवाला पुढे कर्करोगाचा धोका वाढतो, हे तिने परीक्षेत लिहिलं होतं. पण इथे कोणी मोजतच नव्हतं, म्हणून कोणाला खुपतही नव्हतं.

गोष्ट अम्पोन्सांच्या कानी गेली, आणि त्यांनी तोडगा काढला. "त्या ओळी गाळून टाका. इस्पितळाचं नाव राहील, तुमचंही."

झिफाची पाहणी लंगडी पडेल, हेही बोआतेमाच्या लगेच ध्यानात आलं. आणि तिला त्याचा आनंद झाला. ती हो म्हणणारच होती.

तेवढ्यात न्हिराची आई लेकीला कडेवर घेऊन दारात आली. पोरीच्या डोक्यात पाणी साठत होतं. हा तिसरा स्कॅन. यादीतली चार वर्षांची पोर ती हीच.

"मॅडम, मागचे दोन्ही तुम्हीच केलेत," आई म्हणाली. "हाही तुमच्याच हातून हवा. दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नाही."

बोआतेमाने झिफाला हाक मारली. "मात्रा तू लाव. मी बघते."

चित्र दाणेदार आलं. डॉक्टरांना हवं ते सगळं त्यात दिसलं. बोआतेमाने एकही ओळ न गाळता कागदांवर सही केली आणि ते झिफाच्या हाती दिले. देताना आतून जळफळाट झालाच, तो तिने नाकारला नाही.

बाहेर न्हिराची आई थांबली होती. "मागच्यासारखं नितळ आलं ना, मॅडम?"

बोआतेमा बाकावर तिच्याशेजारी बसली आणि पहिल्या स्कॅनपासून सगळं सांगू लागली.