दुकानावर कोण बसतं?

मामांनी जन्मभर आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर दिलं होतं. विमा कंपनीच्या छापील शुभेच्छा आल्या, तरी ते ‘आपले पत्र पावले’ असं उलट टपाली कळवत. एकच पत्र राहून गेलं होतं. निळ्या शाईचं, पाठपोट लिहिलेलं ते पत्र त्यांनी शब्दकोशाच्या एका जाडजूड खंडात घालून ठेवलं होतं. ठेवलं होतं म्हणण्यापेक्षा दडवलं होतं म्हणणं खरं.

पत्र भाचीचं होतं. दीड तासाच्या अंतरावरच्या शहरात, एका तीन मजली कापड दुकानात ती कामाला होती. तिनं लिहिलं होतं:

‘मामा, आमच्या दुकानात पाटी आहे: काउंटरमागे बसण्यास, टेकण्यास सक्त मनाई. गिऱ्हाईक असो वा नसो, सकाळी दहा ते रात्री नऊ आम्ही उभ्या. मी कपाट असते तर बरं झालं असतं, त्याला पाय तरी चार असतात! मालकांकडे स्टूल मागितलं, तर म्हणाले, दुकानातली माणसं पूर्वापार उभीच राहत आली आहेत, मी काय नवीन काढलं? मामा, हे पूर्वापार म्हणजे नेमकं कधीपासून हो? तुम्ही एवढा इतिहास वाचलात. दोन ओळी लिहून पाठवा, मालक लिहिलेल्याला मान देतात. फोनवर सांगू नका. फोनवर तुम्ही नुसतं “बघतो” म्हणता.’

प्रश्न साधा होता, पण मामा साधे नव्हते! चौतीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकांच्या याद्या करण्यात गेली, त्यामुळे कुठलंही वाक्य पुराव्याशिवाय तोंडातून निघेना. ‘आज ऊन आहे’ म्हणाले, तरी पाठोपाठ ‘अर्थात, निदान आपल्या बाजूला’ असं जोडत. घरात त्यांचं नावच पडलं होतं, तळटीपमामा. उत्तराचे नऊ कच्चे खर्डे झाले. पहिला ‘प्रश्न मोठा गुंतागुंतीचा आहे’ इथेच थांबला. नववा सतरा पानांचा झाला आणि त्यात उत्तर तेवढं नव्हतं. आपण चुकलो तर? कुणी जाणता माणूस हसला तर? बघता बघता तीन महिने झाले.

वाचकहो, आपल्यापैकी किती जणांच्या कपाटात अशी पत्रं पडून असतील!

एका गुरुवारी दुपारी धाकटी बहीण तणतणत आली. ती घरी बसून कपडे शिवायची. घाईत निघाल्यामुळे गळ्यातली मोजायची फीत तशीच होती.

“दादा, पोरीला नोटीस मिळाली.”

“कसली?”

“बसल्याबद्दल! कापडाच्या ताग्यांवर दोन मिनिटं टेकली, तर मालकांनी पकडलं. म्हणे मालावर बसलीस! पुन्हा बसलेली दिसलीस तर सोमवारपासून घरी बस म्हणाले. पोटऱ्यांवर निळ्या शिरा उठल्यात तिच्या. डॉक्टरीण म्हणते, अधूनमधून बसत जा, नाहीतर पाय कामातून जातील.”

“मी तिला लिहिणारच होतो. दोन संदर्भ तेवढे तपासायचे राहिलेत.”

“तपास तू! तू बरोबर ठरायची वाट बघ आणि तिचे पाय सुजू देत. दादा, तू चुकशील म्हणून गप्प बसतोस. पण गप्प बसणं हीसुद्धा चूकच की रे! तिचा मालक काही न वाचता छातीठोकपणे पूर्वापार म्हणतो, आणि तू आयुष्यभर वाचून चाचरतोस. मग जगात चालणार कुणाचं?”

मामांनी चष्मा पुसला. बहीण पाणी प्यायली आणि थोडी निवळली.

“आपल्या आजोबांचं बटणांचं दुकान आठवतं? पुढं फळी, मागं घर. आजोबा आजारी पडले तेव्हा वर्षभर दुकानावर आजी बसायची. तिला कुणी म्हटलं, उभी राहा?”

“काय म्हणालीस?”

“आजी.”

“नाही, नाही! त्याच्या पुढचं!”

“बसायची.”

मामा खुर्चीतून असे उठले, की खुर्ची मागे कलंडली. “बसायची! दुकानावर बसायची! अगं, आपण काय म्हणतो? दुकानावर बसणं, पेढीवर बसणं, गल्ल्यावर बसणं! ‘तो दुकानावर उभा राहतो’ असं कधी कुणी म्हणतं का?”

“म्हणतात. पोलिसाला.”

मामा एकटेच एवढे हसले, की बहिणीला काळजी वाटली. त्यांनी घाईघाईनं शब्दकोश खेचला. ‘बसणे’ शोधू लागले, तोच पानांतून निळ्या शाईचं पत्र निसटून त्यांच्या पायावर पडलं. तीन महिने उत्तर आणि पत्र एकाच पुस्तकात, चार पानांच्या अंतरावर झोपली होती!

दुसऱ्या दिवशी, जन्मात पहिल्यांदाच, मामा कुणी न बोलावता कुठेतरी निघाले. चार जाड पुस्तकं दोरीनं बांधून घेतली. प्रत्येकात खुणेच्या चिठ्ठ्या घातल्या. वाटभर भाषण मनात घोळवलं. ते इतकं रंगलं, की उतरताना पुस्तकांचा गठ्ठा बसमध्येच राहिला.

बस वळणावर दिसेनाशी झाली. चारही पुरावे गेले! परत फिरावं का? पण समोर दुकानाच्या काचेतून काउंटरमागची भाची बाजूनं दिसत होती. एका पायावर उभी राहून दुसऱ्याला विसावा देत होती, मग पाय बदलत होती. आखूड झालेल्या पायजम्याखालून पोटरीची पट्टी दिसत होती. मामा आत शिरले.

“मामा! तुम्ही? आणि पुस्तकाशिवाय?” भाची जवळजवळ ओरडलीच.

“बसमध्ये राहिली,” मामा पुटपुटले.

गल्ल्यामागच्या गोल फिरणाऱ्या खुर्चीतून मालकांनी हात केला. पंचेचाळिशीचा, हसतमुख माणूस. “या, आजोबा, या! बसा, बसा! अरे, खुर्ची आणा.”

खुर्ची आली. मामा काठावर टेकले. पाठ केलेलं भाषण पार उडून गेलं. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, “दुकान किती वर्षांचं?”

“आजोबांनी काढलं. वडील गेले तेव्हापासून मीच दुकानावर बसतो.”

“काय करता?”

“दुकानावर बसतो.”

“पुन्हा म्हणा!”

“आजोबा, ऐकायला कमी येतं का?”

भाचीनं तोंडावर ताग्याचं टोक धरलं. तिचे खांदे हलत होते.

“स्वच्छ ऐकू येतं,” मामा म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला. “मग दुकानातली माणसं पूर्वापार उभी असतात, हे कुणी सांगितलं?”

“अहो, ती नुसती बोलायची पद्धत!”

“पद्धत आकाशातून पडते का? दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली असे, तेव्हा दुकानदार बसलेला असे. गिऱ्हाईकही बसे, चौकशी करी. अंधार पडला की फळ्या लागायच्या, दिवस संपला. मग कारखाने आले, माल वाढला. मोठ्या काचा आल्या, झगझगीत दिवे आले, दुकान रात्रीपर्यंत उघडं राहू लागलं. कामाला घरची माणसं पुरेनात, परकी आली. घरच्या माणसाला कुणी पाटी लावून सांगतं का? परक्याला लावतं! उभं राहणं तेव्हा आलं. अर्थात...”

मामा थबकले. तळटीप ओठांवर आली होती. त्यांनी ती गिळली.

“घड्याळ घरात आलं आणि भूक लागली नाही तरी जेवायची वेळ होऊ लागली. खुर्ची पूर्वी मोठ्यांचीच, आता पोराटोरांनाही आहे. समाज बदलला की माणसाचं उठणंबसणं बदलतं, मालक! आणि दोन पिढ्या गेल्या की आपण त्यालाच पूर्वापार म्हणतो!”

मालक हसले, पण जरा सावरून बसले. “बोलायला ठीक आहे. पण उभं माणूस दिसलं की गिऱ्हाईक आत येतं. बसलेलं दिसलं की वाटतं, दुकान पेंगतंय. वडिलांनी पाटी लावली ती काही दुष्टपणानं नाही. शेजारी नवं दुकान आलं होतं, टिकायचं होतं.”

“मलाही तेच म्हणायचंय,” मामा हळू आवाजात म्हणाले. “त्यांनी त्यांच्या काळाप्रमाणे बदल केला. आता तुम्ही करा.”

“आणि गिऱ्हाईक आलं की आम्ही उठूच की,” भाची म्हणाली. “नसताना कुणासाठी उभं राहायचं? त्या काचेतल्या पुतळ्यांना सोबत म्हणून?”

“उभं राहण्यात एवढं काय आहे? मी पंधराव्या वर्षापासून या दुकानात आहे.”

“बसलेले,” भाची म्हणाली. मग स्वतःच्याच धीटपणानं गोरीमोरी झाली, पण मागे हटली नाही. “मालक, मामांना सदऱ्याचं कापड दाखवता? तेवढा वेळ मी गल्ल्यावर बसते.”

आजूबाजूच्या काउंटरवरच्या मुली श्वास रोखून बघत राहिल्या. मालकांना मागे सरता येईना. “दाखवतो की! पाच मिनिटांचं काम!”

पण त्यांना मामा माहीत नव्हते.

पहिला तागा मामांना बरा वाटला, पण जरा गडद. दुसरा फिका. तिसरा आवडला, पण पहिला पुन्हा बघावासा वाटला. करडे रंग दोन निघाले, दोन्ही सारखेच. मामा ते उजेडात नेऊन बघत, सावलीत बघत, “आपली क्षमा असावी, चौथा पुन्हा दाखवाल?” म्हणत. हे नाटक नव्हतं हो! मामांना खरोखरच ठरवता येत नव्हतं. वीस मिनिटांत मालकांनी एक पाय हलका केला, अर्ध्या तासात दुसरा. पाऊण तास झाला, तेव्हा ते हळूच फळीला टेकले.

“मालक,” गोल खुर्चीतून आवाज आला, “टेकायचं नाही. पाटी वाचा.”

सगळं दुकान हसलं! मालकांनी पाटीकडे बघितलं, मग मुलींच्या पायांकडे. सगळ्यांच्या चपला काउंटरखाली काढून ठेवलेल्या होत्या आणि पाय फरशीच्या गारव्यात दाबलेले. इतक्या वर्षांत त्यांनी काउंटरच्या त्या बाजूनं कधी बघितलंच नव्हतं. ते हसायचे थांबले.

“रोज अकरा तास?” त्यांनी विचारलं.

भाचीनं मान डोलावली.

“हे बघा, आजोबा,” मालक म्हणाले, “पाटी काढली तर बाजारातली माणसं म्हणतील, हा पोरींपुढं नमला. तुम्ही म्हणालात ते लिहून पाठवा. जाणत्या माणसाच्या सहीचं पत्र पाटीच्या जागी लावतो. येतील त्यांना वाचू दे. सोमवारी पत्र आलं, तर प्रत्येक काउंटरमागे स्टूल, आणि नोटीस फाडली. नाही आलं, तर पाटीही राहील, नोटीसही.”

“सही?” मामांनी हातातला करडा तागा खाली ठेवला. “म्हणजे माझी?”

“इथंच लिहून घ्या ना,” एक मुलगी म्हणाली.

“नको,” भाची म्हणाली. ती मामांकडे बघत होती. “टपालानंच येऊ दे. मी तीन महिने टपालवाल्याची वाट बघतेय.”

शनिवारी सकाळी मामा टेबलाशी बसले. बहीण समोर मोजायची फीत घेऊन बसली होती. “वीतभर लांबीच्या वर गेलास तर कापीन,” ती म्हणाली. दुपारी बाराला कोपऱ्यावरची टपालपेटी उघडली जायची; ती चुकली तर पत्र सोमवारी पोहोचणार नव्हतं. अकराला मामांनी ‘माझ्या अल्पमतीप्रमाणे’ लिहिलं आणि खोडलं. साडेअकराला दहावा खर्डा पुरा झाला:

‘प्रिय भाचीस आशीर्वाद. तुझ्या पत्रास तीन महिने उशीर झाला, त्याबद्दल क्षमा मागतो. पूर्वापार म्हणजे कधीपासून, असं तू विचारलंस. कुणीतरी कधीतरी सुरू केलं आणि नंतर कुणी विचारलं नाही, तेव्हापासून! माणसं दुकानावर बसत होती, हे आपली भाषा अजून विसरलेली नाही. काळाबरोबर समाज बदलला आणि माणसं उभी राहिली. रीती माणसांनी केल्या आहेत, म्हणून त्या माणसांना बदलता येतात. जी रीत माणसाचं अंग दुखवते, तिला वय विचारावं, आणि ती कितीही म्हातारी निघाली तरी तिच्या पाया पडू नये. गिऱ्हाईक नसेल तेव्हा बस. तुझा, मामा.’

खाली त्यांनी पूर्ण नाव लिहून सही केली. अक्षर स्वच्छ वाचता येत होतं. तळटीप एकही नव्हती.

बाराला दहा मिनिटं कमी असताना मामा पेटीपाशी पोहोचले, अक्षरशः धावत! पत्र आत सोडलं. तळाशी टप् असा आवाज झाला. त्याच क्षणी त्यांना वाटलं, ‘पाया पडू नये’च्या ऐवजी ‘पाया पडण्याचे कारण नाही’ हवं होतं. त्यांनी पेटीच्या फटीत बोटं घातली.

फट पत्रापुरतीच होती, हात काही जाईना. बरंच झालं!