वाढवलेली सायकल

ऑक्टोबरात हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे करायच्या रविवारी ह्यांनी सायकल शेडमध्ये ठेवून द्यायला काढली. साल ब्याण्णव असावं. लंडनमधल्या हाउन्सलोच्या आमच्या घरून हीथ्रो विमानतळाच्या कार्गोत पहाटेच्या शिफ्टला हे वर्षानुवर्षं तिच्यावरूनच जात. त्या उन्हाळ्यात हार्टचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी ह्यांना माझ्यासमोर सांगितलं, सायकल आता कायमची बंद. घरी आल्यावर हे म्हणाले, "हिवाळ्यापुरती." मी "बरं" म्हटलं. आमच्या वैजयंतीलाही गप्प राहायला बजावलं.

ह्यांना वाकायची मनाई होती. बागेत खुर्ची टाकून बसले आणि वैजूकडून सगळं करून घेतलं. तिनं कोमट पाण्यानं सायकल धुतली, ह्यांच्या जुन्या बनियननं कोरडी केली, टूथब्रशनं चेन घासली.

"हा चेन किती घाण आहे, बाबा!"

"ती चेन. आणि तेल तिलाच घाल, नवरीला हळद फासल्यासारखं सगळीकडे नको."

"मग तुम्हीच करा ना."

"केलं असतं. तुझी आई उठू देते का?"

हँडलला व्हॅसलीन चोळलं. दिव्यातले सेल काढले, नाहीतर ते आत पाझरतात. टायरांत हवा भरली. मी प्लास्टिक आणलं तर हे ओरडले, "आत ओल धरेल, गंजेल! चादर आण. मार्चमध्ये काढायचीय ती." दर दोन वाक्यांनंतर मार्च येत होता आणि मी मान डोलवत होते.

वैजूनं चादर घातली, कडा खोचल्या आणि हात पुसत म्हणाली, "झालं. वाढवली सायकल."

लहानपणी तिची बांगडी फुटली तेव्हा मीच शिकवलं होतं, फुटली म्हणू नये, वाढवली म्हणावं. कोपऱ्यावरचं दुकान कायमचं बंद झालं, तेही मी 'वाढवलं'च म्हटलं होतं.

"अगं, असं म्हणू नये!"

"का? तूच सांगितलंस, वाईट शब्द नको असेल तर वाढवली म्हणायचं."

हे हसतील असं वाटलं. हसले नाहीत.

"डॉक्टरही तेच म्हणाला होता," हे म्हणाले. "पण इंग्रजीत. तेव्हा ते खरं वाटलं नाही."

मग चादरीकडे बघून म्हणाले, "काढ ती."

"आत्ताच तर घातली!"

"काढ. रोज लायब्ररीत कामाला जाताना बसला शिव्या घालतेस ना? पाना घे. सीट वाढव."

वैजू पाना हातात धरून थबकली. "वाढव म्हणजे... बंद?"

"उंच कर गं, बाई! तुझे पाय माझ्यापेक्षा लांब आहेत."

मी चादर झटकली आणि तिची घडी घालायला लागले.