मळलेली कड

बाइंडरनं वाचनालयातल्या आरोग्याच्या कपाटातून पुस्तक ओढलं आणि नाव न वाचताच त्याची कड उजेडाकडे केली. पानांच्या पांढऱ्या कडेत मधोमध बोटभर रुंदीचा काळपट पट्टा होता.

“हे बघ,” तो बायकोला म्हणाला. “किती हात लागलेत याला.”

“हात लागले म्हणजे खरं असतं का?”

“खोट्यासाठी कोण एवढी पानं झिजवतं?”

या वाचनालयाची पुस्तकं बांधण्यात त्याचा जन्म गेला होता. उसवलेली शिवण, सुटलेला पुठ्ठा, दुमडलेले कोपरे. आतलं वाचायच्या भानगडीत तो फारसा पडत नसे, पण लोकांचा कुठल्या पुस्तकावर जीव आहे हे त्याला कडेवरून कळायचं, आणि त्यात तो कधी चुकला नव्हता. स्वतःच्या जिवासाठी पुस्तक शोधायची वेळ मात्र पहिल्यांदाच आली होती.

काल डॉक्टरांनी प्रोस्टेटचा कॅन्सर म्हटलं आणि त्यानंतरचं त्याला काही ऐकूच आलं नाही. डॉक्टरांचे ओठ तेवढे हलताना दिसत होते. टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासावर झाकण तिरकं बसलं होतं, ते त्यानं हात लांब करून सरळ केलं. वेळेवर सापडलाय, ऑपरेशन करून टाकू, सोमवारी तारीख ठरवायला या, हे सगळं बायकोनं ऐकलं आणि घरी येताना त्याला पुन्हा सांगितलं. तेव्हाही तो नुसता मान हलवत होता.

निघताना डॉक्टरांनी एक पातळ पुस्तिका दिली होती. भलतंसलतं वाचू नका, हे वाचा, असंही बजावलं होतं. पुस्तिकेला मधोमध दोन पिना मारलेल्या. पिना मारलेल्या कागदांना पुस्तक म्हणणं बाइंडरच्या जिवावर यायचं, तरी त्यानं ती उघडली. ऑपरेशननंतर काही महिने लघवीवर ताबा राहत नाही, असं एका पानावर सरळ लिहिलं होतं. त्याच्या खाली नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल लिहिलं होतं, तेही तितकंच सरळ. साठी उलटली म्हणून काय झालं, लाज काही निवृत्त होत नाही. त्यानं पुस्तिका मिटली आणि बायकोच्या पिशवीत टाकून दिली.

आता हातातलं पुस्तक त्या काळ्या पट्ट्यावर आपोआप उघडलं. प्रोस्टेटचंच प्रकरण होतं. वर्षभर पथ्य, रस आणि श्वासाचे व्यायाम. ऑपरेशनची गरज नाही. लघवीचा ताबा वगैरे शब्द औषधालाही नव्हते. बाइंडरला कालपासून पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

“वर्षभर करून बघू,” तो म्हणाला. “नाहीच जमलं तर डॉक्टर कुठे पळून जातायत?”

“डॉक्टर नाही पळायचे. आत बसलाय तो पळेल, पुढे.”

तिनं पुस्तकाचं दुसरं टोक धरलं. त्याच्या हातातून तिनं कधी काही हिसकावून घेतलं नव्हतं, आजही हिसकावलं नाही, पण सोडलंही नाही. दोघं तसेच पुस्तक धरून ग्रंथपालाच्या खिडकीपाशी आले.

ग्रंथपालानं शिक्का उचलला आणि मुखपृष्ठ पाहून थांबला.

“कोणासाठी?”

“माझ्यासाठी,” बाइंडर म्हणाला. पुढचा शब्द त्याच्या तोंडून निघेना. तो बायकोनं सांगितला.

ग्रंथपालानं शिक्का खाली ठेवला.

“फार मागणी आहे याला,” बाइंडर घाईघाईनं म्हणाला. “दोनदा मीच बांधलंय. कड बघा की.”

“कड रोज बघतो मी. बाइंडर, हे नेणारा माणूस बहुतेक वेळा परत द्यायला येत नाही. बायको येते, नाहीतर सून. पुस्तक खिडकीतून सरकवते आणि काही न बोलता जाते.”

बाइंडर बाकावर बसला. पुस्तक मांडीवर होतं आणि त्या काळ्या पट्ट्याला अंगठा लागू नये म्हणून त्यानं तो मुठीत दाबून धरला होता. लोकांचा जीव होता म्हणे या पुस्तकावर. त्याला रडू येईल असं वाटलं.

“मग ठेवता कशाला असलं पुस्तक?” बायकोनं विचारलं.

“सभासद मागतात ते ठेवायचं, असं समितीचं म्हणणं. मी दोनदा भांडलो.”

“आणि ऑपरेशन केलेला कोणी येतो का इथे?” बाइंडरनं मान वर न करता विचारलं.

“येतो ना. रोज कुलूप उघडतो इथलं.”

बाइंडरनं मान वर केली. “तुम्ही? तुमचा तर हर्निया होता.”

“हर्निया सांगायला बरा. लोक भेटायला येतात, फळं आणतात, पुढचं काही विचारत नाहीत.”

“मीही आणली होती.”

“गोड होती.”

नवरा विचारणार नाही हे बायकोनं ओळखलं.

“त्या लघवीचं लिहिलंय, ते खरं का हो?”

वर्तमानपत्रं वाचत बसलेल्या दोघांनी माना वळवल्या. ग्रंथपाल जन्मभर दुसऱ्यांना हळू बोला म्हणत आलेला माणूस. त्यानं त्या दोघांकडे पाहिलं आणि आवाज होता तसाच ठेवला.

“खरंय. कित्येक दिवस मी गडद रंगाची पँट घालून यायचो. मग थांबलं हळूहळू.”

“आणि ते दुसरं?”

“अगं,” बाइंडर म्हणाला.

ग्रंथपालाचे कान लाल झाले. “ते मी बाइंडरांना सांगेन. एकट्यांना.”

“एकट्यांना कशाला?” ती म्हणाली. “त्या घरात मीही राहते.”

ग्रंथपालानं खिडकीतली ‘बंद’ची पाटी बाहेरच्या बाजूला फिरवली आणि आतल्या खोलीतून तिसरी खुर्ची आणायला गेला.