दोन्ही बाह्या उजव्या

मास्तर बरा झाला, असं सगळ्यांनी परस्पर ठरवूनच टाकलं होतं. मास्तर म्हणजे शिंप्याच्या दुकानातला कापणारा. शिलाई मशीन चालवायची ती त्याची थोरली बहीण, ताई. नैराश्याने त्याने कित्येक महिने अंथरूण धरलं होतं. आता झोप लागत होती, घास घशाखाली उतरत होता, गिऱ्हाइकाच्या विनोदाला तो हसतही होता. डोकं मात्र अजून रजेवर होतं, आणि ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. "मन घट्ट कर" म्हणत लोकांनी आधीच अकलेचे इतके तारे तोडले होते, की पुन्हा त्यांच्या तोंडी कोण लागणार!

ऐकलेलं माप पाठ फिरताच विरून जायचं. ताईला तो एकदा विचारायचा. दुसऱ्यांदा विचारायची लाज वाटायची, मग अंदाजपंचे कात्री चालवायचा.

त्या दुपारी घात झाला. एका निवृत्त शिक्षिकेचा कोट होता. कापड एकाच बाजूने चकाकणारं, उलटं वापरायची सोयच नाही. एक बाही कापून झाली आणि मध्येच गिऱ्हाईक आलं. परत येऊन बघतो तर कापलेली बाही समोर, पण ती कोणत्या हाताची तेच उमजेना. ताईला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

ताईने बाह्या जोडायला घेतल्या आणि मशीन थांबवलं.

"काय रे, बाईंना दोन्ही हात उजवेच आहेत का?"

मास्तर हसला नाही. त्याने कात्री तिच्यापुढे ठेवली. "ताई, माझं डोकं चालत नाही गं. कापायला दुसरं कुणीतरी बघ."

"मला का नाही बोललास?"

"किती वेळा विचारणार? वेडा म्हणशील."

"वेडाच आहेस. विचारलं नाहीस म्हणून."

तिने उरलेलं कापड पसरलं. आतल्या बाजूला जोड दिला तर जेमतेम एक बाही निघत होती. ती चुकली की कोट गेला. तिने कात्री त्याच्याच हातात दिली. "काप. अडलं की विचार."

त्याने खडू टेकवला. "डावी ना?"

"डावी."

रेघ अर्धी झाली. "डावीच ना, ताई?"

"डावी."

कात्री उचलली आणि सगळं पुन्हा पुसून गेलं. शरमेने त्याचे कान तापले.

"डावी?"

ताईच्या आवाजात कंटाळा नव्हता की कीव नव्हती. जणू तो पहिल्यांदाच विचारत होता. "डावी," ती म्हणाली.

मास्तरला रडू आवरेना. कापडावर डाग पडू नये म्हणून तो जरा मागे सरला, डोळे पुसले आणि कापू लागला.